स्वयंदुरुस्तीतून सूट (लिंट साधने)

स्वयंदुरुस्तीतून सूट म्हणजे लिंट साधनाने कोडमधील दोष दाखवावा, परंतु तो आपणहून दुरुस्त करू नये, अशी मुभा प्रोग्रामरला देणारी व्यवस्था होय. लिंट साधन हे संगणकीय प्रोग्रॅम न चालवता केवळ त्याचा मजकूर वाचते आणि त्यातील संभाव्य चुका, संशयास्पद रचना व लेखनशैलीतील विसंगती निदर्शनास आणते. अलीकडची बहुतेक साधने एवढ्यावर थांबत नाहीत. सापडलेला दोष फाइलमध्ये थेट बदल करून दूरही करतात. या दुसऱ्या क्रियेला स्वयंदुरुस्ती म्हणतात. ती संपूर्ण प्रकल्पासाठी, एखाद्या नियमापुरती, एखाद्या फाइलपुरती किंवा एका ओळीपुरती नाकारता येणे, हा या लेखाचा विषय आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

इशारा बंद करणे आणि दुरुस्ती नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इशारा बंद केला की साधन त्या दोषाविषयी काहीच बोलत नाही. दुरुस्ती नाकारली तर दोष अहवालात दिसत राहतो. त्याचे काय करायचे, हे मात्र माणूस ठरवतो. व्यवहारात या दोहोंची गल्लत वारंवार होते, कारण पुष्कळ साधनांत पहिली सोय सहज मिळते आणि दुसरी शोधावी लागते. परिणामी नको असलेला बदल टाळण्यासाठी प्रोग्रामर अख्खा नियमच बंद करतो आणि त्याबरोबर उपयुक्त इशाराही गमावतो. सुटीची स्वतंत्र व्यवस्था असावी, या मागणीचे हे मुख्य कारण आहे.

कोडची केवळ मांडणी बदलणारी साधने, उदाहरणार्थ गो भाषेचे गोएफएमटी, जावास्क्रिप्टसाठीचे प्रेटियर किंवा पायथॉनसाठीचे ब्लॅक, ही काटेकोर अर्थाने लिंट साधने नव्हेत. ती दोष शोधत नाहीत. मोकळ्या जागा, ओळींची लांबी, अवतरणचिन्हे इत्यादी एकसारखी करतात. तरीही सुटीचा प्रश्न त्यांनाही लागू होतो.

पूर्वपीठिका

पहिले लिंट साधन स्टीफन सी. जॉन्सन यांनी १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेत सी भाषेसाठी लिहिले. कपड्यावर चिकटणाऱ्या तंतूंना व धाग्यांच्या कणांना इंग्रजीत लिंट म्हणतात. कोडला चिकटलेली अशीच बारीकसारीक घाण वेचून काढणे, हा या नावामागील भाव. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर हे साधन बेल प्रयोगशाळेबाहेर पसरले.

जॉन्सन यांचे साधन फाइलला हात लावत नसे. त्यामुळे दुरुस्तीतून सूट मागण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. इशाऱ्यातून सूट मात्र तेव्हाही होती. ‘नॉटरीच्ड’ (प्रोग्रॅम येथवर पोहोचत नाही) किंवा ‘आर्ग्सयूज्ड’ (न वापरलेल्या निविष्टींबद्दल तक्रार करू नये) असे ठरावीक शब्द टिप्पणीत लिहिले की साधन त्या ठिकाणी गप्प राहत असे. कोडमध्येच टिप्पणी लिहून साधनाला सूचना देण्याची ही रीत आजही जवळपास तशीच टिकून आहे.

जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये जेएसलिंट आणले. त्यात नियमांवर वापरकर्त्याचे नियंत्रण फार थोडे होते. तेवढ्याच कारणाने २०११ मध्ये त्यापासून जेएसहिंट वेगळे झाले. निकोलस झाकास यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ईएसलिंटने प्रत्येक नियम स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची मुभा दिली, आणि २०१५ च्या सुमारास त्यात ‘फिक्स’ हा पर्याय आला. रुबी भाषेसाठीच्या रुबोकॉपमध्येही अशी दुरुस्ती उपलब्ध झाली. हजारो ओळींतील किरकोळ दोष एका आदेशाने नाहीसे होऊ लागल्याने ही सोय अतिशय लोकप्रिय ठरली. त्या पाठोपाठ तिच्या तक्रारीही आल्या.

सूट मागण्याची कारणे

सर्वांत नित्याचा अनुभव न वापरलेल्या आयातींचा आहे. पायथॉनमध्ये एखादा विभाग आयात करून तो पुढे वापरला नसेल, तर लिंट साधन ती ओळ अनावश्यक ठरवून काढून टाकते. बहुतेक वेळा हे योग्यच असते. परंतु काही विभाग केवळ आयात होण्यानेच काम करतात: ते स्वतःची नोंद कुठल्यातरी यादीत करतात, एखादी जोडणी उघडतात किंवा इतर फाइलींना तेथून नावे उसनी घेता येतील एवढ्यासाठी तेथे असतात. ती ओळ गेली की प्रोग्रॅम सुरळीत सुरू होतो, पण एखादी सुविधा कोणताही संदेश न देता नाहीशी होते. दुसरी अडचण अधिक साधी आणि अधिक त्रासदायक. संपादकात फाइल साठवताक्षणी दुरुस्ती होत असेल, तर आयातीची ओळ लिहून तिचा वापर करण्यापूर्वीच सवयीने फाइल साठवणाऱ्याची ओळ गायब होते. तो ती पुन्हा लिहितो, पुन्हा साठवतो, आणि ती पुन्हा गायब होते.

दुसरे ठळक उदाहरण रिॲक्ट या ग्रंथालयाच्या हुकांसाठी असलेल्या लिंट नियमाचे आहे. एखादी क्रिया कोणकोणत्या मूल्यांवर अवलंबून आहे, याची यादी प्रोग्रामरने द्यायची असते. ती अपुरी असेल तर नियम इशारा देतो आणि पूर्वी तो यादी स्वतः पूर्णही करीत असे. यादीत एखादे मूल्य वाढले की क्रिया अधिक वेळा घडते. ती क्रियाच ते मूल्य बदलत असेल, तर हे चक्र थांबतच नाही. म्हणून पुढे या नियमाने आपोआप बदल करणे सोडून केवळ सूचना देण्याचे धोरण स्वीकारले. जुने वर्तन हवे असणाऱ्यांसाठी एक पर्याय राखून ठेवण्यात आला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचा आशयच मुळी ‘धोकादायक स्वयंदुरुस्ती चालू करा, तिने अनंत चक्र निर्माण होऊ शकते’ असा आहे. पर्यायाच्या नावातच तंबी लिहिण्याचा हा प्रकार विरळा, पण परिणामकारक म्हणावा लागेल.

तुलनेच्या चिन्हांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘==’ आणि ‘===’ ही दोन्ही चिन्हे तुलनेसाठी आहेत; पहिले मूल्यांचा प्रकार बदलून तुलना करते, दुसरे तसे करत नाही. पहिल्याच्या जागी दुसरे वापरावे, असा ईएसलिंटचा नियम आहे. तरीही हा नियम सरसकट बदल करत नाही. दोन्ही बाजूंचे प्रकार मजकुरावरूनच निश्चित कळत असतील अशा मोजक्या ठिकाणीच तो दुरुस्ती करतो आणि उरलेल्या ठिकाणी इशाऱ्यावर थांबतो. कारण जुन्या कोडमधील कित्येक तुलना त्या सैलपणावरच चाललेल्या असतात.

साधनाच्या इशाऱ्याला दिलेले उत्तर किती महागात पडू शकते, हे डेबियन प्रकरणातून दिसले. त्यात स्वयंदुरुस्ती नव्हती. बदल माणसानेच केला होता. ओपनएसएसएल या सांकेतिक ग्रंथालयात अप्रारंभित स्मृती वापरली जात असल्याचा इशारा व्हॅलग्रिंड या तपासणी साधनाने दिला. तो घालवण्यासाठी डेबियनच्या २००६ मधील आवृत्तीत संबंधित ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एका ओळीवर यादृच्छिक संख्यांचा सारा आधार होता. ती गेल्यावर किल्ली तयार करताना अनिश्चितता उरली ती केवळ प्रक्रियेच्या क्रमांकाची, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यतांची. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला, तेव्हा त्या काळात तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. इशारा खरा होता, पण त्यावरचा सरळसोट उपाय चुकीचा होता. स्वयंदुरुस्ती असा सरळसोट उपाय विचारणा न करता करते, म्हणून या प्रकरणाचा उल्लेख या संदर्भात होतो.

अंक, क्रम आणि देवनागरी मजकूर

दुरुस्तीने प्रोग्रॅमचे वर्तन बदलत नसेल, तर तिला साधने सुरक्षित म्हणतात. ही व्याख्या यंत्राच्या बाजूची आहे. कोड वाचणाऱ्या, शोधणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाचे नुकसान तीत मोजले जात नाही. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग नगरांची साधी माहिती एखाद्या प्रोग्रॅममध्ये भरावयाची झाल्यास हा फरक लगेच लक्षात येतो.

अंबरनाथचा पिनकोड ४२१५०१ आणि बदलापूरचा ४२१५०३. उल्हासनगरचे ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत. हे कोडमध्ये संख्या म्हणून लिहिले, तर रुबोकॉपचा मोठ्या संख्यांविषयीचा नियम त्यांत तीन-तीन अंकांनंतर अधोरेखा घालतो आणि ४२१५०१ चे ४२१_५०१ होते. जावास्क्रिप्टमधील युनिकॉर्न या नियमसंचातही असाच नियम आहे. संगणकाला दोन्ही रूपे सारखीच. पण पुढे कोणी सर्व फाइलींत ४२१५०१ शोधले, तर काहीच सापडत नाही. पिनकोड ही मोजायची संख्या नव्हेच. ती मजकूर म्हणून लिहावी, हे खरे उत्तर आहे, आणि ते साधनाला सुचत नाही.

लाखाच्या लेखनाचेही तसेच. भारतीय पद्धतीने १_००_००० असे लिहिलेले एक लाख हे दोन्ही नियम १००_००० असे करून टाकतात, कारण त्यांच्या लेखी गट नेहमी तीन अंकांचाच असतो. मूल्य तेच राहते. मात्र कर, वेतन किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक यांसंबंधीचा कोड लाख-कोटींत वाचणाऱ्याला प्रत्येक संख्या नव्याने मोजावी लागते. अशा प्रकल्पात हा नियम दुरुस्तीपुरता बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते.

क्रमाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील स्थानके कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत या क्रमाने येतात. ही यादी रोमन नावांच्या किल्ल्यांसह एखाद्या ऑब्जेक्टमध्ये लिहिली आणि किल्ल्या वर्णक्रमाने लावणारी दुरुस्ती चालू असली, तर अंबरनाथ व बदलापूर आरंभी जातात, कल्याण मध्ये कोठेतरी पडते आणि उल्हासनगर, वांगणी, विठ्ठलवाडी शेवटी येतात. प्रोग्रॅम हा क्रम प्रवासाचा क्रम मानत असेल, तर कल्याणहून बदलापूरला जाणारी गाडी कागदावर उलटसुलट धावू लागते. ईएसलिंटच्या मूळ संचातील किल्ल्या लावण्याचा नियम म्हणूनच फक्त इशारा देतो, स्वतः क्रम बदलत नाही. पर्फेक्शनिस्टसारखे बाहेरील नियमसंच मात्र क्रम बदलतात, आणि तेथे सूट आवर्जून घ्यावी लागते.

स्थलनामांचे रोमन लेखन हा आणखी एक विषय. अंबरनाथ हे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. रेल्वे स्थानकाच्या नावातील मधला स्वर आणि इतरत्र आढळणारा स्वर एकच नसतो. एकच रूप शुद्ध मानून दुसरे बदलणारा नियम चालवला, तर नोंदणीकृत संस्थांची नावे आणि जुने पत्तेही बदलतात. शब्दलेखन तपासणाऱ्या कोडस्पेल या साधनात वगळावयाच्या शब्दांची यादी देता येते, ती अशाच कारणांसाठी.

देवनागरी मजकुराची अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे मराठीत भिन्न शब्द आहेत. पहिल्या जोडीत डोंगरांतील दऱ्या आणि समुद्र, तर दुसरीत स्वयंपाक करणारा आणि गुरू असा भेद होतो. यांतील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साधता येतो: एक, स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक पडद्यावर दिसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ या नावाने अदृश्य दिशादर्शक वर्णांचा धोका मांडल्यानंतर अशा वर्णांकडे लिंट साधनांचे लक्ष वाढले. ते वर्ण आणि शून्य रुंदीचा जोडक हे वेगवेगळे आहेत. परंतु सगळे अदृश्य वर्ण सरसकट पुसणारी दुरुस्ती हा भेद करत नाही, आणि तिच्या एका फेरीत ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होऊन बसते. मराठी संदेश असलेल्या फाइलींना अशा नियमातून पूर्ण सूट देणे आवश्यक ठरते. विसर्ग हा अपूर्णविरामासारखा आणि देवनागरी शून्य हे एका रोमन अक्षरासारखे दिसते, म्हणून युनिकोडच्या दृष्टिभ्रमकारक वर्णांच्या यादीत दोघांचाही समावेश आहे. अशा यादीवर आधारलेल्या नियमाबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

निरनिराळ्या साधनांतील व्यवस्था

या बाबतीत पायथॉनसाठीच्या रफ या साधनाची रचना सर्वांत स्पष्ट आहे. त्यातील ‘फिक्सेबल’ आणि ‘अनफिक्सेबल’ या दोन याद्यांमुळे नियम चालू ठेवूनही त्याची दुरुस्ती थांबवता येते. न वापरलेल्या आयातींचा नियम दुसऱ्या यादीत टाकला की इशारा मिळतो, ओळ मात्र जागेवर राहते. ऑक्टोबर २०२३ मधील ०.१.० या आवृत्तीपासून रफने दुरुस्त्यांचे सुरक्षित आणि असुरक्षित असे दोन वर्ग केले. असुरक्षित दुरुस्त्या वापरकर्त्याने स्पष्टपणे मागितल्याशिवाय होत नाहीत. एखाद्या नियमाचा वर्ग प्रकल्पापुरता बदलूनही घेता येतो.

रुबोकॉपने हाच भेद २०२० मध्ये आदेशातच आणला: लहान अक्षराचा पर्याय केवळ सुरक्षित दुरुस्त्या करतो, मोठ्या अक्षराचा सर्व. कॉन्फिग फाइलीत प्रत्येक नियमापुढे स्वयंदुरुस्ती बंद असे लिहिता येते. पुढे एक मधली अवस्थाही आली. तीत आदेश चालवल्यावर दुरुस्ती होते, पण संपादकात टंकन सुरू असताना होत नाही. साठवताच ओळ गायब होण्याच्या वर वर्णिलेल्या त्रासावर हा नेमका इलाज आहे.

ईएसलिंटमध्ये नियमाच्या पातळ्या तीनच आहेत: बंद, इशारा आणि चूक. दुरुस्तीसाठी निराळी पातळी या रचनेत नाही. दुरुस्त्या प्रकारानुसार निवडता येतात, जसे केवळ मांडणीच्या दुरुस्त्या. तसेच दुसऱ्या प्रोग्रॅममधून ईएसलिंट चालवताना कोणती दुरुस्ती स्वीकारावी हे ठरवणारे फंक्शन देता येते. २०१९ मध्ये आलेल्या ‘सजेशन’ या सोयीने नियमकर्त्यांना तिसरा मार्ग मिळाला: बदल तयार ठेवायचा, पण माणसाने निवडल्याशिवाय लागू करायचा नाही. एका फाइलवर दुरुस्तीच्या जास्तीत जास्त दहा फेऱ्या होतात, कारण एका दुरुस्तीमुळे दुसरा दोष निर्माण होऊ शकतो.

रस्ट भाषेच्या क्लिपीमध्ये प्रत्येक सूचनेला विश्वासार्हतेची खूण असते. यंत्राने लागू करण्याजोगी, कदाचित चुकीची, माणसाने रिकाम्या जागा भरावयाची आणि अनिर्दिष्ट अशा या चार खुणा आहेत. आपोआप लागू होते ती पहिलीच. शिवाय नोंद न केलेले बदल शिल्लक असतील, तर क्लिपी दुरुस्ती करण्यास नकार देते, जेणेकरून तिचे बदल वेगळे ओळखता यावेत. सी आणि सी++ साठीच्या क्लँग-टायडीमध्ये ‘नोलिंट’ ही टिप्पणी आहे. ती त्या ओळीवरील दुरुस्तीबरोबर इशाराही थांबवते, म्हणजे येथे वर सांगितलेली गल्लत कायम राहते.

मांडणी साधनांत गोएफएमटीने शैलीचे पर्याय मुद्दामच ठेवले नाहीत. ब्लॅक आणि प्रेटियर हे टिप्पणीद्वारे ठरावीक भाग वगळू देतात. हाताने रकाने जुळवून लिहिलेल्या गणिती सारण्यांसाठी ही सोय वापरली जाते. ब्लॅक बदलापूर्वीच्या व नंतरच्या कोडची वाक्यरचना समतुल्य आहे का, हेही पडताळून पाहते.

कार्यपद्धतीतील स्थान

सूट कोठे नोंदवली जाते, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. व्हीएस कोडसारख्या संपादकात साठवतानाच्या दुरुस्त्या बंद करणे ही व्यक्तिगत निवड असते. सहकाऱ्याच्या संगणकावर त्या चालूच राहतात. प्रकल्पाच्या कॉन्फिग फाइलीतील सूट सर्वांना लागू होते आणि तिचा इतिहास राहतो. कोडमधील टिप्पणी सर्वांत नेमकी असते, पण कारण लिहिले नसेल तर काही वर्षांनी ती का आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

प्री-कमिट या व्यवस्थेत नोंदीपूर्वी तपासण्या चालतात. एखाद्या तपासणीने फाइल बदलली, तर ती नोंद अयशस्वी ठरते. प्रोग्रामर बदल पाहून ते स्वतः समाविष्ट करतो. हा क्षणभराचा अडथळा पुष्कळांना जाचक वाटत असला, तरी स्वयंदुरुस्तीवर माणसाची नजर फिरण्याची खात्री तोच देतो. याच व्यवस्थेची सर्व्हरवर चालणारी सेवा विनंतीत परस्पर दुरुस्ती नोंदवते, आणि ती बंद करण्याचा स्वतंत्र पर्याय तीत आहे.

जुन्या कोडवर एकदाच मोठी दुरुस्ती चालवली, की प्रत्येक ओळीचा शेवटचा बदल त्या एका नोंदीच्या नावे दिसू लागतो आणि मूळ लेखक शोधणे अवघड होते. ऑगस्ट २०१९ मधील गिटच्या २.२३ आवृत्तीपासून अशा नोंदी वगळून इतिहास पाहता येतो.

मतभेद

सूट देण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक अपवादामुळे एकसारखेपणा ढळतो आणि शैलीवरील ज्या वादांना साधनाने पूर्णविराम दिला होता ते पुन्हा सुरू होतात. मांडणीपुरता हा युक्तिवाद बळकट आहे. अर्थ बदलू शकणाऱ्या नियमांना तो लावता येत नाही. नियमकर्त्यांचीही एक अडचण असते: दुरुस्ती चुकीचे वर्तन घडवत असेल, तर तो नियमातील दोष आहे आणि तो तेथेच दूर व्हावा, सुटीने झाकला जाऊ नये, अशी त्यांची भूमिका असते. ईएसलिंटच्या मार्गदर्शक तत्त्वांतही दुरुस्तीने कोडचे चालू वर्तन बदलू नये, असे सांगितले आहे. तथापि पिनकोड, लाखांचे लेखन, स्थानकांचा क्रम यांसारख्या बाबतींत नियम सदोष नसतो. कोणती संख्या मोजायची आहे आणि कोणती यादी क्रमाने वाचायची आहे, याची माहिती त्याला कोडच्या मजकुरातून मिळत नाही.